एकाच दिशेने सरकलेले आवाज

सोमवार, १ मार्च २०३८. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ या बारा तासांत दक्षिणतीर नागरी सहकारी बँकेच्या मदत कक्षात ६४७ फोन आले. त्याआधीच्या चार सोमवारांचे आकडे २०९, २३१, २९६ आणि ४१८ असे होते. कार्ड हरवल्याचे १९ आणि हप्त्याची तारीख विचारणारे ५२ फोन नेहमीइतकेच होते. वाढ फक्त एका खान्यात होती: यंत्राला आवाज ओळखू येत नाही. त्या खान्यात ४३१.

कराडच्या मुख्य शाखेच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा कक्ष. खुर्च्या अकरा, पण दोघी रजेवर असल्याने फोन घेणारी माणसे नऊ. मी दहावी. मी फोन घेत नव्हते, फोन मोजत होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मला बँकेत लागून सात महिने झाले होते.

दोन वर्षांपूर्वी बँकेने फोनवरचा गुप्त क्रमांक बंद करून आवाज आणला. ग्राहकाने एकदा शाखेत येऊन एक वाक्य म्हणायचे: "माझी ओळख माझ्या आवाजाने देत आहे." यंत्र त्याचा ठसा घेते. पुढे फोनवर ते वाक्य म्हटले की यंत्र जुन्या ठशाशी ताडून पाहते. जुळले तर काम पुढे सरकते. नाही जुळले तर फोन माणसाकडे येतो. आता ते सगळे आमच्याकडे येत होते, आणि चिडून येत होते.

"कणसे, शुक्रवारपर्यंत हा आकडा खाली आला पाहिजे," बाबर साहेब म्हणाले. ते कक्षाचे प्रमुख. "सोमवारी संचालक मंडळ आहे."

"कारण सापडलं तर येईल, सर."

"कारण सापडेल तेव्हा सापडेल. यंत्रवाली कंपनी म्हणते, शुक्रवारी संध्याकाळी सहाला एक आज्ञा सोडू. ज्याचा आवाज जुळत नाही त्याची जन्मतारीख विचारायची आणि आजचा आवाज हाच त्याचा खरा आवाज धरायचा. जुना ठसा पुसायचा. फोन बंद."

शेजारच्या खुर्चीवरून नंदाताई थोरवत म्हणाल्या, "म्हणजे काटा चुकतोय म्हणून शून्यच सरकवायचा."

"ताई, तुम्ही फोन घ्या."

"घेतेच आहे. सकाळपासून बासष्ट झालेत. तुम्हीही एखादा घेऊन बघा."

मंगळवारी मी एकेक शक्यता खोडत गेले. फोनचा बिघाड नव्हता. ४३१ जण ६३ निरनिराळ्या प्रकारचे फोन वापरत होते. मोबाइलचे जाळेही एकाच कंपनीचे नव्हते. यंत्रातला शेवटचा बदल नोव्हेंबरातला. सर्दीची साथ असेल असे सगळ्यांना वाटत होते, पण सर्दीचा आवाज आठवड्यात पूर्ववत होतो. आठ फेब्रुवारीला न जुळलेल्यांपैकी ५७ जणांनी एक मार्चला पुन्हा फोन केला होता. त्यांतल्या एकाचाही आवाज परत आला नव्हता.

मग मी ठसेच उघडले. एक ठसा म्हणजे १२८ आकडे. चूक यंत्राची असती तर नव्या आवाजाचे आकडे जुन्यापासून वाटेल त्या दिशेला गेले असते, कुणाचे वर, कुणाचे खाली. मी ४३१ जणांचे फरक एकाच आलेखावर मांडले. ते सगळे एकाच दिशेला सरकलेले होते. पुरुष, बायका, बावीस वर्षांचा मेकॅनिक, एक्याऐंशी वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे. मी आलेख पुसून पुन्हा काढला. तोच आला.

त्या १२८ आकड्यांतला सर्वांत जास्त बदललेला आकडा समजायला सोपा आहे. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा हलतात, पुरुषाचे सव्वाशे वेळा. प्रत्येक हेलकाव्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखा असतो, अगदी सारखा नसतो. निरोगी माणसात एका हेलकाव्यापासून दुसऱ्यापर्यंत अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. याला आम्ही थरथर म्हणत होतो. कानाला ती ऐकू येत नाही. ती एक टक्क्याच्या वर गेली की डॉक्टर आधी घसा तपासतात, आणि घशात काही सापडले नाही तर मेंदू, कारण स्वरतंतूंना आवळून धरणारे हुकूम तिथून येतात.

नोंदणीच्या दिवशी या लोकांची सरासरी थरथर ०.४६ टक्के होती. आता ती १.१८ होती.

मी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. नंदाताईंनी माझ्याकडे पाहिले.

"काय गं?"

"ताई, यंत्र बिघडलेलं नाही. लोक बिघडलेत."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या पडद्यावर शेऱ्याचा रकाना उघडला. प्रत्येक फोननंतर शेरा लिहायचा असा बँकेचा नियम आहे. बाकीचे सगळे "निवारण झाले" एवढेच लिहितात. नंदाताई एकोणीस वर्षे खरे शेरे लिहीत आल्या आहेत. मी वाचू लागले. "हळू बोलतात, तीनदा विचारावे लागले." "आवाज सपाट, रागावलेत की नाही कळत नाही." "शिक्षिका आहेत, म्हणतात वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही." "नातू विनोद सांगत होता, आजी हसल्या पण हसल्यासारखं वाटलं नाही." पहिला असा शेरा १९ जानेवारीचा होता.

"हे कुणाला दाखवलंत?"

"शेरे कुणी वाचतं का गं? तूच पहिली."

बुधवारी सकाळपर्यंत न जुळणाऱ्या वेगवेगळ्या माणसांची संख्या १,०३२ झाली होती. या सगळ्यांत समान काय, ते मी शोधत होते. शाखा नाही. गाव नाही, वय नाही, धंदा नाही. जेवायच्या सुट्टीत मी सभासद क्रमांकाचा रकाना जोडला. बँकेचे ग्राहक त्रेचाळीस हजार, पण भागधारक सभासद फक्त ९,१२६. न जुळणाऱ्या १,०३२ पैकी सभासद निघाले ९८१. उरलेल्या ५१ पैकी ४७ जणांचा पत्ता कुठल्या ना कुठल्या सभासदाचाच पत्ता होता. चौघांना खरोखर सर्दी होती.

"ताई, सभासदांना आपण असं काय देतो, जे बाकीच्यांना देत नाही?"

"लाभांश," त्या म्हणाल्या. मग डबा बंद करता करता थांबल्या. "आणि कळशी."

मागच्या सप्टेंबरात बँकेला पन्नास वर्षे झाली. दरवर्षी वार्षिक सभेत सभासदांना भेटवस्तू मिळते. कधी डबा, कधी घड्याळ, कधी चादर, आणि ती वाईट निघाली तर पुढच्या निवडणुकीत मते फुटतात. सुवर्णमहोत्सवाला अध्यक्षांनी हात सैल सोडला. तांब्याची कळशी, खाली छोटा नळ, आत काळ्या जाळीचे अस्तर. वीज नको, काही नको. पाणी ओतले की तासात जंतू मरतात. कुपन दाखवून रांगेत उभे राहायचे. ९,१२६ कळश्या वाटल्या गेल्या.

"माझी अजून खोक्यातच आहे," नंदाताई म्हणाल्या. "लेकीच्या रुखवतात ठेवायची म्हणून." बोलता बोलता त्यांचा हात गळ्याकडे गेला.

आमची खोक्यात नव्हती. आई सभासद क्रमांक ३३१८. कळशी ओट्यावर होती आणि सहा महिने ती भरली जात होती.

एका प्रश्नाला मी घट्ट धरून राहिले. कळश्या नऊ हजार, मग बिघडलेले आवाज हजारच का? बाकीच्या आठ हजार घरांत काही झाले नसेल, तर आमच्याही घरात झाले नसेल.

साडेसहाला घरी पोहोचले. आई पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग घेते. सात मुली निघायच्या तयारीत होत्या. जाता जाता एकेकीने आत येऊन कळशीच्या नळाखाली पेला धरला. मी दारात उभी राहून मोजले. सातपैकी पाच जणी पाणी प्यायल्या. मी त्यांना थांबवले नाही. काय बोलायचे ते मला अजून ठरवता आले नव्हते.

मशीनवर आईची मापांची वही होती. मी ती सप्टेंबरापासून चाळली. छाती, कंबर, बाहीची लांबी. सप्टेंबरात एका ओळीत एक माप मावत होते. फेब्रुवारीत त्याच ओळीत तीन मापे मावत होती.

"आई, तू एवढं बारीक का लिहितेस?"

"वही महाग झालीय," ती आतून म्हणाली. "आणि तुझा चष्मा बदल."

ती मोरीत पाटावर बसली होती. कळशी रिकामी करून समोर घेतली होती आणि चिंचेच्या कोळाने घासत होती. बाहेरून, मग हात घालून आतून. जाळीवरूनसुद्धा.

"आतून कशाला घासतेस?"

"तांब्याचं भांडं अर्धं घासतात का कुणी? दर बुधवारी घासते. परवा वर्गातली सरोज म्हणाली, तुमची कळशी अजून सभेतून आणल्यासारखी दिसते."

तिने कळशी उपडी केली. मोरीत पडलेला कोळ चिंचेच्या रंगाचा नव्हता. तो काळपट होता.

मी कळशी तिच्याकडून घेतली, एकदा विसळली आणि नळाचे पाणी भरून ठेवली. तासाभराने त्यातले पाणी एका बाटलीत घेतले. दुसऱ्या बाटलीत नुसते नळाचे. मग थरथर मोजण्याची सोय करून घेतलेला माझा फोन तिच्यासमोर धरला.

"ते बँकेचं वाक्य म्हण."

"बँकेची कामं बँकेत ठेवावीत."

"आई, म्हण ना."

माझा चेहरा पाहून तिने वाक्य म्हटले. नोंदणीच्या दिवशी तिची थरथर ०.४१ होती. आता १.२७.

मी तिला सगळे सांगितले, क्रमाने, जसे इथे लिहिले आहे तसे. ती ओल्या हातांनी ऐकत बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हते. तिला भीती वाटत नाही म्हणून, की चेहराही आता तेवढा हलत नाही म्हणून, हे मला कळेना. त्या क्षणी मला सर्वांत जास्त भीती वाटली.

"माझ्या मुलींचं काय?" तिने विचारले.

"आधी तुझं बघू."

"माझं नंतर. त्यांना पाणी मी दिलंय. बाहेरच्या नळाचं पिऊ नका म्हणून मी त्यांना बजावलंय."

तिने लगेच सातही घरी फोन केले. मी माझा स्वतःचा आवाज मोजला. ०.५२ वरून ०.६१, मर्यादेच्या आत. दिवसभर मी ऑफिसचे पाणी पिते.

गुरुवारी मी माझ्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या मुल्ला सरांकडे गेले. माझ्या दोन बाटल्या आणि तिसरी नंदाताईंच्या कोऱ्या कळशीतली. ती कळशी त्यांनी खोक्यातून काढून साबणाने धुऊन भरली होती. सरांनी तासाभरात आकडे दिले. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालते. नळाच्या पाण्यात होते ०.०३. नंदाताईंच्या कळशीत ०.०४. आमच्या कळशीत ६.८.

"जाळी मँगनीजच्या ऑक्साइडची आहे," सर म्हणाले. "अतिसूक्ष्म कणांची. साध्या पाण्यात ती विरघळत नाही, साबणातही नाही. कंपनीनं साबणानंच तपासली असणार. माहितीपत्रकात काय लिहिलंय?"

"सौम्य साबणाने धुवावे."

"आणि भांडं कशाचं दिलंय? तांब्याचं. तांबं दिसलं की आपल्याकडची बाई चिंच घेणार नाही तर लिंबू. चिंचेतलं आम्ल हे ऑक्साइड सहज विरघळवतं. धुतल्यावरही जाळीच्या भोकांत आम्ल उरतं, म्हणून पुढचे चार-पाच दिवस पाण्यात मँगनीज उतरत राहतं. मग पुन्हा घासायचा वार येतो."

बाकीच्या आठ हजार घरांचे कोडे असे सुटले. त्यांनी कळशी चिंच-लिंबाने घासली नव्हती.

सरांनी बाकीचेही सांगितले, हळूहळू, माझ्याकडे न बघता. वेल्डिंगचे जोडकाम करणाऱ्यांना आणि खाणीतल्या मजुरांना हा त्रास जुना आहे. मँगनीज मेंदूच्या आतल्या भागात साठते, जिथून हालचालींना लगाम मिळतो. आवाज बारीक होतो, अक्षर लहान होते, चेहरा थिजतो, पुढे चाल बिघडते. पूर्वी याला वर्षे लागायची. रोजच्या पिण्यातून इतके पोटात गेल्यावर महिने पुरले असावेत.

"बरं होतं का, सर?"

"रक्तातलं काढता येतं. मेंदूत जे झालं त्यातलं किती परत येईल, ते माणसागणिक. पण ते कळायला आधीचं मोजमाप लागतं, आजारी पडण्याआधीचं. ते कुणाकडे असतं?"

ते बँकेकडे होते. त्रेचाळीस हजार माणसांचे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला त्यातले नेमके आजारी माणसांचे पुसले जाणार होते.

"बाटल्या किती तपासल्यात?" मी सगळे मांडल्यावर बाबर साहेबांनी विचारले.

"तीन."

"तीन बाटल्यांवर मी नऊ हजार घरांत घबराट करू? अध्यक्षांच्या हातून वाटलेल्या कळश्या आहेत त्या. आणि आवाज आपण ओळखीसाठी घेतलेत. तुम्ही त्यातून लोकांचे आजार काढत बसलात, हे बाहेर कळलं तर आधी तुमची नोकरी जाईल, मग माझी."

त्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नव्हते. तीन बाटल्या म्हणजे पुरावा नव्हे. "सर, उद्या दुपारपर्यंत एकच प्रश्न विचारू द्या. फोनवर. कळशी कशाने घासता, एवढाच."

"भेटवस्तूबद्दल अभिप्राय म्हणून विचारा," ते शेवटी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आठपासून नऊ जणांनी १२० सभासदांना फोन केले. आवाज न जुळणारे ६०, जुळणारे ६०. कोण कुठल्या गटातला, हे फोन करणाऱ्यांना सांगितले नव्हते. नंदाताईंच्या कानाला ते पहिल्या वाक्यातच कळत होते, म्हणून त्यांचे फोन मी गणतीत धरले नाहीत आणि तेवढेच नवे सभासद निवडून दुसऱ्यांकडून करून घेतले.

दुपारी एकला मी कागद बाबर साहेबांच्या टेबलावर ठेवला. न जुळणाऱ्या ६० पैकी चिंच किंवा लिंबू वापरणारे ५८. जुळणाऱ्या ६० पैकी ३.

त्यांनी तो कागद वाचला. मग चष्मा काढला.

"आमच्याकडे लिंबानं घासतात," ते म्हणाले. "मिसेसचं खातं आहे आपल्याकडे. तुमच्या त्या मापाला घरचा फोन चालतो का?"

"चालतो, सर."

त्यांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "अगं, ते ओळखीचं वाक्य एकदा म्हण."

"आता? गॅसवर आमटी आहे."

"म्हण तेवढं."

त्यांच्या पत्नीने वाक्य म्हटले आणि पुढे विचारले, "काय झालं? तुमचा आवाज असा का येतोय?"

मी आकडा कागदावर लिहून त्यांच्याकडे सरकवला. १.०९.

"काही नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "आमटी ओतून दे. कळशीतलं पाणी घातलं असशील. सांगतो घरी आल्यावर."

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी यंत्रवाल्या कंपनीला फोन करून सहाची आज्ञा थांबवली. अध्यक्षांना त्यांनी नंतर कळवले, आधी नाही. संदेश स्वतः सांगून माझ्याकडून लिहून घेतला: सुवर्णमहोत्सवी कळशीतील पाणी पिऊ नये, स्वयंपाकास वापरू नये, कळशी घासू नये, शाखेत आणून द्यावी. अडीचला तो ९,१२६ फोनवर गेला. रात्री आठपर्यंत मदत कक्षात ३,८८४ फोन आले. सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न: लहान मुलांनीही प्यायले आहे, आता काय करायचे. नंदाताई प्रत्येकीला सरकारी रुग्णालयाचा क्रमांक देत होत्या आणि शेऱ्यात मुलाचे वय लिहीत होत्या.

पुढच्या आठवड्यात आईच्या सातही मुलींची तपासणी झाली. दोघींची थरथर एक टक्क्याच्या वर होती. त्यांची बँकेत खाती नव्हती, त्यामुळे आधीचे आवाज कुठेच नव्हते, आणि त्या आधीपासून तशा होत्या की आमच्या पाण्याने झाल्या, हे कुणी सांगू शकले नाही. आईने वर्ग बंद केला. त्या दोघींच्या घरी जाऊन तिने स्वतःच सगळे सांगितले. एका घरात तिला बसायला सांगितले, दुसऱ्या घरात सांगितले नाही.

मार्चअखेर तिला रुग्णालयात पाच दिवस सलाईनमधून औषध दिले. पाच दिवसांनी रक्तातले मँगनीज मर्यादेत आले. सभासदांनी लेखी संमती दिली आणि जुने ठसे रुग्णालयाकडे गेले. दर महिन्याला त्यांच्याशी नवे आवाज ताडले जातात. पाणी सोडल्यापासून नव्वद दिवसांनी मोजायचे, असे डॉक्टरांनी सर्वांना सांगितले होते. सर्दीचे चौघे वगळून उरलेल्या १,०२८ पैकी ६११ जणांची थरथर तोवर एक टक्क्याच्या खाली आली होती.

आईने ३ मार्चनंतर त्या कळशीतले पाणी घेतलेले नाही. १ जूनला नव्वद दिवस भरले. मंगळवार होता. सकाळी तिने केस विंचरले, पदर नीट केला आणि खुर्चीत ताठ बसली, फोटो काढायचा असल्यासारखी.

"आज चांगलं म्हणते बघ," ती म्हणाली.

"चांगलं म्हणायचं नसतं, आई. रोजच्यासारखं म्हण."

"रोजचं कसं होतं ते आठवतं का तुला?"

मी फोन तिच्यासमोर धरला. तिने वाक्य तीनदा म्हटले, मध्ये एकेक मिनिट थांबून. मी तीन आकडे तारखेखाली लिहिले आणि सरासरी काढली.

नोंदणीच्या दिवशी ०.४१. ३ मार्चला १.२७. १ जूनला १.३१.